नलूवहिनींचं भांडं

दादांचा फोन आला तेव्हा मी इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये ताट हातात घेऊन रांगेत उभी होते. रजा संपून ऑफिसात गेल्याचा पहिलाच दिवस, जेवणाची सुट्टी, भयंकर गर्दी, पुढ्यात भात वाढला जात होता आणि पलीकडून दादा म्हणाले, "विजू, तुझी वहिनी गेली गं." दादा म्हणजे माझे मोठे दीर, आणि वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ, नलूवहिनी. जाणार हे माहीत होतं. आदल्या संध्याकाळीच त्यांच्या यिशुनच्या घरून निघताना मी त्यांचे केस विंचरून आले होते, आणि "उद्या येते" म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली होती. तरीसुद्धा फोन कानाला तसाच धरून मी उभी राहिले... दुकानातला म्हातारा चिनी अंकल दोनदा ओरडला, "आँटी, चिली वाँट ऑर नॉट?" मी म्हटलं, वाँट. मला तिखट अजिबात सोसत नाही. ते ताट घेऊन मी कुठे बसले, काय खाल्लं, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की यिशुनच्या गाडीत बसल्यावर माझं तोंड भाजत होतं आणि मी चक्क आभार मानत होते त्या मिरचीचे, कारण डोळ्यांतल्या पाण्याला काहीतरी निमित्त हवं होतं.

याला आता काही आठवडे झाले. दिवस झाले, तेरावा झाला, पुण्याहून आलेली माणसं परत गेली. आणि मी मात्र एका जागी बसत नाही. दोनदा तर यिशुन स्टेशन मागे टाकून पुढे गेले. घरातलं प्रत्येक कपाट काढून लावलं, मग पुन्हा काढलं. आमचे हे म्हणाले, "अगं, बस जरा, पायाला काय भिंगरी लागलीय का?" नुसतं दुःख असतं तर रडून मोकळी झाले असते हो. मी काही रडायला लाजणारी बाई नाही. पण दुःखाच्या जोडीला माझ्या जिवाला घोर लागला होता तो एका भांड्याचा. गणपती तोंडावर आले होते. वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणतात, पण वहिनींनीच बजावून ठेवलं होतं, "माझ्यापायी बाप्पाला चुकवू नका." आणि दादांनी जाहीर करून टाकलं की गणपती साधेपणाने बसवायचा, दीड दिवसांचा, आणि प्रसादाचा शिरा मात्र नेहमीसारखा नलूच्या भांड्यातच वाढायचा. त्या भांड्यात आता प्रसाद वाढता कामा नये, हे एक मला ठाऊक होतं, आणि दादांना ते कळू देणार नाही असा शब्द मी वहिनींना दिलेला होता. आता शब्द पाळायचा, तर देवाचा प्रसाद त्यात जाणार. आणि तोंड उघडायचं, तर गेलेल्या बाईचा शब्द मोडणार. सांगा, काय करायचं माणसाने?

सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही वहिनींना हसाल आणि ते मला खपणार नाही.

नलूवहिनी कराडच्या. त्यांचे वडील तिथल्या कोर्टात नाझर होते. दादांना इथल्या बँकेत नोकरी लागली तेव्हा वहिनी कराडहून पुणे आणि पुण्याहून थेट सिंगापूर अशा आल्या. इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण बाई धीट. बाजारात चिनी म्हाताऱ्यांशी त्या शुद्ध मराठीत घासाघीस करायच्या आणि सौदा जिंकून यायच्या. मी नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा लिफ्टमध्ये कुणी शेजारी भेटलं की माझी बोबडी वळायची. वहिनींनी मला मंत्र दिला, "विजू, समोरचा हसला की आपण हसायचं. पुढचं आपोआप होतं." याच मंत्राने पुढे घोटाळा केला.

दादांच्या बँकेतला एक अमेरिकन साहेब बदली होऊन मायदेशी निघाला होता. त्याच्या बायकोने बुकित तिमाहच्या कॉन्डोत घरातलं सामान विकायला काढलं. वहिनी गेल्या होत्या इस्त्रीचं टेबल बघायला, आणि आल्या टॅक्सीतून, मांडीवर आणि पायाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोचकी घेऊन. मीही त्या दिवशी यिशुनलाच होते. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून एकेक पुडकं सोडलं. चिनी मातीचा संच होता, शंभरेक वर्षांपूर्वीचा, त्या बाईच्या आजीकडून आलेला. सायीसारखा पांढरा रंग, त्यावर फिकट गुलाबी रानगुलाब, हिरवी पानं, कडेला सोनेरी रेघ आणि ती जागोजाग झिजलेली. बुडाशी अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचा पुसट शिक्का. एक उंच डौलदार पिचर, एक हे एवढं रुंद तस्त, एक लहान जग, एक मग, झाकणाची साबणदाणी आणि तिच्या आत भोकांची ताटली, दात घासायचे ब्रश ठेवायला एक उभं भांडं, आणि शेवटी एक गोलमटोल भांडं, एका बाजूला कान, वर फुलांचं झाकण. ते शेवटचं सगळ्यांत देखणं. गुलाबांचा अख्खा गुच्छ त्याच्या पोटावर होता.

"नळ नव्हते तेव्हा खोलीत ठेवायचे गं हे, हातपाय-तोंड धुवायला," वहिनी मला समजावून सांगायला लागल्या. "आपल्याकडे नसायचं का, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं, खाली तस्त धरायचं? तसंच."

"आणि हे झाकणाचं?"

"तो चेंबर पॉट," वहिनी ऐटीत म्हणाल्या. "बाईने मुद्दाम नाव सांगितलं. आणि खूप हसली. मग मीपण हसले."

आता यातली मेख बघा. वहिनींच्या लेखी चेंबर म्हणजे जजसाहेबांचं चेंबर. लहानपणी त्या वडिलांचा डबा घेऊन कोर्टात जायच्या, तेव्हा अख्खं कोर्ट दबक्या आवाजात बोलायचं, "साहेब चेंबरमध्ये आहेत." म्हणजे जगातली सगळ्यांत मानाची खोली ती. तिथे ठेवायचं भांडं तो चेंबर पॉट! झाकण कशाला, तर साहेबांना तोंड धुवायचं गरम पाणी निवू नये म्हणून. मला शंभर टक्के पटलं. मी बी.कॉम. झालेली, ऑफिसात दिवसभर इंग्रजी फाडणारी, मलाही पटलं. गरम पाण्याचं भांडं म्हणजे शुद्धच की!

त्या वर्षीपासून तो संच यिशुनच्या गणपतीचा झाला. साबणदाणीच्या भोकांच्या ताटलीवर सेरंगून रोडवरून आणलेल्या दूर्वा धुऊन निथळत ठेवायच्या. ब्रशच्या भांड्यात उदबत्त्या. पिचरमध्ये कोकम सरबत. तस्तात विसर्जन, पाण्यात बाप्पा आणि कडेने रानगुलाब, पोरंसोरं भोवती बसून बघत राहायची. आणि चेंबर पॉटमध्ये प्रसादाचा शिरा! केळी घातलेला, तुपाने चकाकणारा, वर काजू-बेदाणे. आरती झाली की वहिनी स्वयंपाकघरातून ते भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर यायच्या, सगळ्यांसमोर झाकण उचलायच्या, आणि वेलचीचा वास घरभर पसरायचा. सिंगापुरातल्या निम्म्या मराठी माणसांनी तो शिरा खाल्लेला आहे. हे वाचणाऱ्यांपैकीही कितीतरी जणांनी. जरा धीर धरा.

दादांबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा घोर कळायचा नाही. दादा भारी सोवळ्याचे. कद नेसल्याशिवाय पूजा नाही. उभ्या नोकरीत हॉकर सेंटरचा घास नाही, घरचा डबा. घरात चिनी माती त्यांनी चालवून घेतली ती लोणच्याच्या बरण्यांच्या पुण्याईवर. आणि स्वतःचं जेवलेलं ताट उचलून मोरीपर्यंत नेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाईट माणूस नव्हे, पण जुना. मीनल, त्यांची लेक, इथेच वाढलेली, ती तोंडावर म्हणायची, "बाबा, युअर हँड्स नॉट ब्रोकन, लाह!" दादा हसायचे आणि ताट तिथेच ठेवून उठायचे.

सार्सची साथ नुकती ओसरली होती त्या साली. लोक एकमेकांच्या घरी जायला अजून बिचकत होते, तरी वहिनींच्या गणपतीला घर भरलं. त्यात पुण्याची एक केतकी आली होती, नवरा आयटीत, अमेरिकेत राहून इकडे आलेली. वहिनींनी झाकण उचललं आणि ही पोरगी किंचाळली, "काकू, हा चेंबर पॉट आहे!"

"हो मग! चेंबर पॉटच आहे," वहिनी खूश होऊन म्हणाल्या. "तुला बरं ठाऊक? इथे कुणालाच ओळखू येत नाही. घे, शिरा घे."

केतकीच्या नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. मी ते पाहिलं आणि तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं. विचारलं, "काय गं, काय आहे?" ती बिचारी लाल झाली. म्हणाली, "काकू, पूर्वी संडास घराबाहेर असायचे ना, तर रात्री उठायला नको म्हणून हे पलंगाखाली ठेवायचे... म्हणजे, तुम्हाला कळलं ना?" मला कळलं. माझ्या हातात डाव होता, तो तसाच राहिला. मग मी तिला म्हटलं, "हे बघ केतकी, शिरा खाल्लास?" म्हणाली, "एक घास." म्हटलं, "तो गेलाय पोटात. आता ही गोष्टही तिथेच राहू दे." पोरगी शहाणी. आजतागायत बोललेली नाही.

माझ्या स्वतःच्या पोटात मात्र तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी दादा देवळात गेलेले बघून मी वहिनींना सांगून टाकलं. मला वाटलं रडतील, भांडं टाकून देतील. त्यांनी आधी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या जमिनीवर बसून अशा हसल्या की डोळ्यांतून धारा. "म्हणून ती बाई हसली होय!" हे तीन-चारदा म्हणाल्या. "आणि मीपण हसले गं तिच्याबरोबर!" हसू आवरल्यावर गंभीर झाल्या आणि नाझरसाहेबांच्या मुलीला शोभेल असा निवाडा दिला, "तिच्या आजीने ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं, ती बोलली होती. आणि दिसतंय कसं बघ, एक ओरखडा नाही. म्हणजे वापरलेलं नाही. न वापरलेलं भांडं हे नुसतं भांडं. नावाला काय चाटायचंय? ह्यांना सांगितलंस तर मात्र बघ. उगाच प्रायश्चित्त घेत बसतील आणि दारी आलेल्या माणसांना तोंड दाखवणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची." पुढच्या वर्षी शिरा त्यातच झाला. मी दोनदा मागून घेतला, चवीत फरक नव्हता.

त्यानंतर काही वर्षांनी वहिनींची पाठ दुखायला लागली. दुखणं पाठीचं नव्हतं, हाडांत शिरलेला कॅन्सर होता. हॉस्पिटलने हात टेकून घरी पाठवलं. पाय गेले. मी ऑफिसातून होती नव्हती तेवढी रजा काढून दिवसभर यिशुनला जायला लागले. संध्याकाळी वहिनी मला घालवून द्यायच्या, "मीनल येते आता, ती बघते. तू तुझ्या घरी दिवा लाव." हॉस्पिटलने डायपर दिले होते. वहिनींनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, "विजू, मला लंगोट बांधू नकोस गं. अजून शुद्धीत आहे मी. सांगू शकते. सांगता येतंय तोवर तरी नको." मग मी प्लास्टिकचं बेडपॅन आणलं. आपल्याकडे आजाऱ्याच्या खोलीत त्याला भांडंच म्हणतात. "भांडं हवं का?" म्हणून मी ते पुढे केलं. त्यांनी ते हाताने दूर सारलं. "हे नको. माझं भांडं आण."

मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी चिडले. खरंच चिडले. "वहिनी, काहीतरी काय? बाप्पाचा शिरा असतो त्यात!"

"बाप्पाचं मी बघते," त्या म्हणाल्या. "लवकरच भेटणार आहे. अगं, इतकी वर्षं त्या बिचाऱ्या भांड्याला भलत्याच नोकरीवर ठेवलं. आता त्याचं काम त्याला करू दे की." आणि मग हसू ओसरलं, डोळे भरले, माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "त्या प्लास्टिकवर बसले की मी पेशंट होते गं. या भांड्यावर मी नलू असते. पण ह्यांना कळू द्यायचं नाही हं. शब्द दे." मी शब्द दिला. मी त्यांना दोन्ही हातांनी उठवायची, टेकवायची, त्या माझ्या खांद्यावर मान टाकायच्या. वजनच राहिलं नव्हतं. कधी कधी त्या स्थितीतही हळूच म्हणायच्या, "साहेब चेंबरमध्ये आहेत." आम्ही दोघी हसायचो आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडायची.

तर असं ते भांडं. आता त्यात शिरा? मी मीनलला चाचपून पाहिलं, नुसतं म्हटलं, त्या जुन्या संचाचं काय करायचं गं. ती म्हणाली, "काकू, आय डोन्ट नो. सी अलरेडी आय वाँट टु क्राय." नुसतं पाहिलं तरी रडू येतं, तिचंही खरं होतं. शेवटी मी ठरवलं, भांडं फोडायचं. हातातून निसटलं म्हणायचं. नाहीतरी माझ्या धांदरटपणाची घराण्यात ख्याती आहेच. ना शब्द मोडला, ना प्रसाद बाटला. गेल्या रविवारी त्याच मतलबाने यिशुनला गेले. गाडीत सारखी उठत-बसत होते, शेजारची मलय बाई सरकून बसली.

दार उघडं होतं. दादा स्वयंपाकघरात होते. स्वयंपाकघरात, दादा! बाह्या दुमडलेल्या, हाताला साबणाचा फेस, आणि सिंकमध्ये तेच भांडं. कानाच्या आतल्या बाजूला बोट घालून ते घासत होते, सावकाश, सवयीच्या हाताने. मी दारातच थिजले. सगळा बेत विसरले आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, त्यात शिरा नका करू."

"का?" त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"ते... ते भांडं आहे, दादा."

"मग मी काय घासतोय? मला ठाऊक आहे कसलं भांडं आहे ते." त्यांनी नळ सोडला, फेस धुतला. "संध्याकाळी तिला कोण देत होतं असं वाटलं तुला?"

"मीनल..."

"मीनल बाहेरच्या खोलीत रडत बसायची. नलूने तुला खोटं सांगितलं. तू घरी जायची नाहीस म्हणून." भांडं फडक्यावर पालथं घालून त्यांनी हात पुसले. "गुरुजींना विचारलं मी, की ह्यात नैवेद्य चालेल का. खरं काय ते सांगून विचारलं. ते म्हणाले, छे छे, विसर्जन करून टाका."

"मग?"

"मग काय, गुरुजी बदलले."

मी तिथल्या स्टुलावर बसले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा धड बसले असेन. दादा म्हणाले, "तू आपल्या मराठी मंडळाच्या पुरवणीत लिहिणार आहेस ना तिच्यावर? सगळं लिही. त्या शिऱ्याचं, ह्या भांड्याचं, सगळं. लोकांना फसवून वाढायचं नाही. ज्यांना घशाखाली उतरणार नाही त्यांच्यासाठी पेढे आणतो." म्हणून लिहिते आहे. पेढे आहेत, निःसंकोच मागा, कुणी काही म्हणणार नाही. मी शिराच घेणार आहे.

दादा माझ्याकडे पाठ करून रव्याचा डबा शोधत राहिले. डबा समोरच होता. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "पहिल्या दिवशी मला काही जमेना गं. हे कसं धरायचं, तिला कसं उचलायचं. मी आपला कडेला उभा. तर खेकसली माझ्यावर. म्हणाली, 'अरे, लाजतोस काय, नीट धर ना!'... लग्न झाल्यापासून अहो-जाहो केलं तिने मला. त्या दिवशी पहिल्यांदा अरे म्हणाली. मग शेवटपर्यंत अरेच म्हणत होती."